जुन्या ऑडी टीटीत बदल करतोय: आधी काय, नंतर काय? (ठाणे)

माजिवड्याची_टीटी | ९ मार्च, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिला धागा काढतोय. जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

गाडी ऑडी टीटी कूपे, २०१२ची. दोन लिटर टीएफएसआय (टर्बो पेट्रोल), ताकद २११ पीएस, टॉर्क ३५० न्यूटन मीटर, सहा गिअरचा एस-ट्रॉनिक (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), क्वात्रो (ताकद चारही चाकांना). कॉलेजात असताना तीन हात नाक्याच्या सिग्नलला पहिल्यांदा पाहिली, तेव्हापासून डोक्यात बसली होती. दोन वर्षांपूर्वी ५८,००० किलोमीटरवर सेकंडहँड मिळाली. आज काटा ६६,५००वर आहे. आठवड्यातून दोनदा ऐरोलीला ऑफिस, रविवारी पहाटे लोणावळा नाहीतर कसारा.

गेल्या वर्षी एका गॅरेजमध्ये दोन कामं करून घेतली. गाडी ३० मिलिमीटरने खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा आणि इंजिनाचं रीमॅप, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलणं. तेव्हापासून तीन गोष्टी छळतायत.

एक, सोसायटीच्या बेसमेंटच्या रॅम्पवरून वर येताना माथ्यावर गाडीचं पोट घासतं. रोज. तो आवाज ऐकला की पोटात गोळा येतो.

दोन, मागच्या पावसाळ्यात गायमुखच्या वळणांवर पुढची बाजू बाहेर पळायला लागली. वेग फार नव्हता.

तीन, कसारा घाटात तिसऱ्या गिअरला पाय दाबला की गाडी हिसके देते, ईपीसीचा (इंजिनात गडबड असल्याचा) दिवा लुकलुकतो आणि दम जातो. गॅरेजवाला म्हणतो, पेट्रोल खराब असेल. तीन वेगवेगळ्या पंपांवर भरून पाहिलं, फरक शून्य.

आता हाताशी दोनेक लाख आहेत. मोठा इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा), कॉइलओव्हर (उंची जुळवता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा संच) आणि १९ इंची अलॉय चाकं असा विचार चाललाय. शिवाय रिव्हर्स कॅमेरा हवाय. आईला गुडघ्यामुळे या गाडीत बसता-उठता येत नाही, त्यावर काही करता आलं तर फार बरं होईल. क्रम काय लावू?

नटबोल्ट_कळवा | १० मार्च, सकाळी ७:२५

दोन लाख खिशातच ठेवा दादा. आधी गाडीखाली झोपा.

टायर कधीचे आहेत? बाजूच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ते इथे टाका. नक्षी किती उरलीय तेही मोजा, आणि नुसती मधली नको, आतल्या कडेचीही. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं? गिअरबॉक्सचं? मागच्या चाकांना ताकद जोडणाऱ्या हॅल्डेक्स कपलिंगचं? ही उत्तरं आली की पुढचं बोलू.

वेग_४३ | १० मार्च, दुपारी १:०२

भारी गाडी! एक्झॉस्ट कुठला लावणार? पाय सोडल्यावर फटाके वाजतात तो मॅप घ्याच, पाम बीचला सगळे वळून बघतील.

माजिवड्याची_टीटी | १० मार्च, रात्री १०:४८

नटबोल्ट काका, ऑफिसातून आल्यावर टॉर्च घेऊन खाली गेलो होतो. पुढचे टायर २३१७, मागचे २४१७. म्हणजे २०१७च्या जूनचे! नक्षी मधे ४ मिलिमीटर आहे म्हणून मी निर्धास्त होतो. मागच्या टायरांची आतली कड हाताला लागली तेव्हा हात मागे घेतला. तिथे नक्षी नाहीच, रबर गुळगुळीत होऊन आतले धागे दिसायच्या बेतात आहेत. गाडी उभी असताना बाहेरून हे दिसतच नाही. वाकून, चाकामागे हात घालूनच कळलं.

ब्रेक ऑइल मी घेतल्यापासून बदललेलं नाही. गिअरबॉक्स आणि हॅल्डेक्सची नोंद आधीच्या मालकाच्या फायलीतही नाही.

नटबोल्ट_कळवा | ११ मार्च, सकाळी ७:१०

मग तुमचं दुसरं दुखणं इथेच सापडलं. रबर जुनं झालं की कडक होतं. नक्षी शिल्लक असली तरी ओल्या रस्त्यावर ते डांबराला चिकटत नाही. कायद्याने १.६ मिलिमीटर चालते, पण आपल्याकडच्या पावसात ३च्या खाली गेलं की मी टायर बदलायला सांगतो. पाणी बाहेर फेकायला खोबणीच उरत नाही, टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग हातात हलकं लागतं.

आतली कड का झिजली? स्प्रिंगांमुळे. गाडी खाली बसवली की मागची चाकं वरून आत कलतात, त्याला कॅम्बर म्हणतात. तुमच्या गाडीत मागे कॅम्बर आणि टो (चाकं पुढून आत किंवा बाहेर वळलेली असणं) दोन्ही जुळवता येतात, त्यासाठी एक्सेंट्रिक, म्हणजे केंद्र बाजूला असलेले बोल्ट असतात. स्प्रिंगा टाकल्यावर चारही चाकांचं अलाइनमेंट करायला हवं होतं. पुढच्या दोनचंच केलं असणार, पैज लावतो.

ब्रेक ऑइलचं नीट ऐका. ते हवेतलं पाणी पितं. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की ही किमान मर्यादा १५५वर येते. आपण खाडीकाठी राहतो, वर्षातले चार महिने कपाटातले कपडे ओले लागतात. बोरघाट उतरताना पाय सतत ब्रेकवर राहिला तर ऑइलमध्ये वाफ होते आणि पेडल थेट तळाला जातं. दर दोन वर्षांनी बदलायचं, मग गाडी चालो ना चालो.

एस-ट्रॉनिकचा सहा गिअरचा डबा ओल्या क्लचचा (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचचा) आहे, त्याचं ऑइल आणि फिल्टर दर ६०,०००ला. तुमचं ते कधीच टळून गेलंय.

खारघरची_सई | ११ मार्च, रात्री ९:३५

रॅम्पचा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे, माझी बीएमडब्ल्यू झेड४ दोन वर्षं घासत होती. अंदाजाने काही करू नका, मोजा. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या बरोब्बर मधे, गाडीच्या पोटाचा सगळ्यात खालचा भाग जमिनीपासून किती उंच आहे? दोन चाकांमधलं अंतर टीटीत २,४६८ मिलिमीटर. उंचीला त्याच्या निम्म्याने, म्हणजे १,२३४ने भागा. ती टॅन किंमत. तिचा कोन काढून दुप्पट करा. एवढ्या कोनाचा माथा गाडी न घासता ओलांडते.

आता फोनमधली पातळी मोजायची सोय उघडून फोन रॅम्पच्या उतारावर ठेवा आणि आकडा सांगा.

माजिवड्याची_टीटी | १२ मार्च, रात्री ११:२०

सईताई, मोजलं. पोटाखाली ९० मिलिमीटर. रॅम्प ९.५ अंश.

खारघरची_सई | १२ मार्च, रात्री ११:४१

९० भागिले १,२३४, दुप्पट कोन ८.३ अंश. रॅम्प ९.५. घासणारच! कितीही हळू आणा, तिरकी आणा, हे गणित बदलत नाही. मूळ स्प्रिंगांवर १२० मिळेल असं धरा, म्हणजे ११.१ अंश. सुखाने निघेल.

तुमचा रॅम्प सहास एक उताराचा आहे, चांगलाच उभा. तो तुम्ही बदलू शकत नाही. गाडी बदलू शकता. माझं स्पष्ट मत आहे की ज्या घरातून रोज गाडी निघते त्या घराचा रॅम्प हाच तुमचा सस्पेन्शनचा पहिला आकडा. फोटोत गाडी खाली बसलेली छान दिसते, मान्य. पण रोज घासून पोटाखालचं आवरण फाटतं, नळ्या चेपतात आणि एक दिवस इंजिनाचा ऑइल संप उघडा पडतो.

गतिरोधकांचंही तेच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा, म्हणजे टीटीची चारही चाकं एका वेळी त्यावर मावतात आणि पोट लागत नाही. सोसायट्यांच्या आत मात्र तेवढीच उंची एका फुटाच्या रुंदीत रचलेली असते. मी आमच्या कमिटीला हे माप लेखी दिलं, रेखाचित्रासकट. सात महिने लागले, पण गेटजवळचे दोन उंचवटे फोडून नवे घातले. तुम्हीही द्या.

ट्रॅकप्रेमी_वाशी | १३ मार्च, सकाळी ८:५०

सईताईंशी थोडा असहमत. चांगला कॉइलओव्हर असेल तर उंची जुळवता येते, शिवाय शॉकअप स्प्रिंगांना साजेसे मिळतात. खरी चूक लहान, कडक स्प्रिंगा जुन्या मूळ शॉकअपवर टाकण्यात झालीय. ६०,००० किलोमीटर चाललेल्या शॉकअपला त्या स्प्रिंगा आवरत नाहीत, म्हणून गाडी उसळते. मी कोइंबतूरला करी मोटर स्पीडवेवर जातो तेव्हा कॉइलओव्हरशिवाय विचारही करत नाही.

खारघरची_सई | १३ मार्च, सकाळी ९:१५

ट्रॅकवर मान्य, शंभर टक्के. पण धागाकर्ते ऐरोली आणि कसाऱ्याला जातायत. नवे शॉकअप आणि मूळ उंचीच्या स्प्रिंगा एवढ्याने त्यांची गाडी बदलून जाईल. मग वळणात पुढची बाजू बाहेर जाते असं वाटलं तर मागे जाड अँटी-रोल बार (वळणात गाडी एका बाजूला झुकू न देणारा दांडा). टीटीचं वजन पुढे जास्त आहे. मागचा बार जाड केला की मागची बाजू वळणात जास्त काम करते आणि नाक आत वळतं. पण तो नव्या टायरांनंतरच, आणि पावसाळ्याच्या तोंडावर नाही. ओल्या रस्त्यावर मागची बाजू कशी वागते ते आधी शिकून घ्यावं लागतं.

१९ इंची चाकं विसरा. चाकाचं वजन स्प्रिंगच्या खाली येतं, ते वाढलं की खड्ड्यात चाक रस्ता सोडतं. टायरची भिंत जितकी बुटकी, तितका घोडबंदरच्या खड्ड्यात रिम वाकायचा धोका जास्त. १७ किंवा १८ इंची, हलकी, ५ बाय ११२ची (पाच बोल्ट, ११२ मिलिमीटरच्या वर्तुळावर), मधलं भोक ५७.१ मिलिमीटर. भोक मोठं असेल तर रिंग घालायलाच हवी, नाहीतर ८०च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं.

काळा_कोट_बेलापूर | १३ मार्च, दुपारी ४:३०

वेग_४३, तुमच्या फटाक्यांबद्दल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार गाडीची आरसीतली माहिती कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळत राहिली पाहिजे, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आवाज आणि धुराच्या उल्लंघनाला कलम १९० आहेच. धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणं तर डोक्यातूनही काढून टाका.

धागाकर्त्यांना: जे काही बसवाल ते विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर सर्व्हेअर गाडीखाली वाकतो, तेव्हा न सांगितलेला प्रत्येक भाग दाव्याच्या आड येतो. मी अशा प्रकरणांत बसलो आहे, लोक रडवेले होतात.

वेग_४३ | १३ मार्च, संध्याकाळी ६:१८

हे माहीत नव्हतं सर. धन्यवाद. मित्रांनाही पाठवतो.

लॅम्बडा_रबाळे | १४ मार्च, रात्री १२:०५

तिसऱ्या दुखण्याबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. इंजिन कॅलिब्रेशन हे माझं रोजचं काम आहे.

रीमॅप केलं तेव्हा गॅरेजने लॉग दिला का? गाडी चालत असताना कॉम्प्युटरने नोंदलेले आकडे: आत जाणाऱ्या हवेचं तापमान, बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब), प्रत्येक सिलिंडरचं इग्निशन (ठिणगीची वेळ) किती मागे घेतलं गेलं. तो नसेल तर काम अर्धंच झालंय. केबल आणि लॅपटॉप असलेला कुणी शेजारी बसवा, सुरक्षित चढावर तिसऱ्या गिअरला २,०००पासून ५,५००पर्यंत एक ओढ घ्या आणि फाईल इथे टाका. आणि पेट्रोल कुठलं भरता?

माजिवड्याची_टीटी | १६ मार्च, दुपारी २:४०

पेट्रोल साधंच. आज सकाळी मित्राला घेऊन गेलो होतो. सगळ्यात वाईट ओळ लिहितो: ३,९०० आरपीएम, आत जाणारी हवा ६८ अंश, इग्निशन चार सिलिंडरांत उणे ७.५, उणे ६.८, उणे ८.३, उणे ७.५. दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर (मिश्रण न पेटणं) ११ वेळा.

लॅम्बडा_रबाळे | १६ मार्च, रात्री १०:३०

तुमच्या इंजिनाची यात काही चूक नाही. उलट ते स्वतःला वाचवतंय.

टर्बोने हवा जास्त दाबली, ती तापली. तापलेल्या मिश्रणाला कमी ऑक्टेनचं (आपोआप पेटण्याला कमी विरोध करणारं) पेट्रोल मिळालं की ते ठिणगीच्या आधाराशिवाय आपोआप पेटू लागतं, त्याला नॉक म्हणतात. सेन्सर तो ऐकतो आणि कॉम्प्युटर ठिणगी उशिरा टाकतो. उणे ७-८ म्हणजे तेवढे अंश मागे. ताकद जाते आणि एक्झॉस्टचं तापमान वाढतं. मला खात्री वाटते की तुम्हाला दिलेली रीमॅपची फाईल परदेशातल्या ९८ ऑक्टेनसाठी लिहिलेली आहे आणि इथे जशीच्या तशी टाकलीय.

मिसफायर मात्र वेगळा. दाब वाढला की ठिणगीला फटीतून उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं. प्लग काढा, फट मोजा. जुन्या प्लगची ०.९च्या पुढे गेलेली असेल. नवे प्लग, फट ०.७ मिलिमीटर.

काय करायचं तेही क्रमाने सांगतो, कारण इथे क्रम चुकला की पैसे पाण्यात. आधी प्लग. मग इन्टेक व्हॉल्व्हची सफाई. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, व्हॉल्व्ह कधीच धुतले जात नाहीत, त्यांवर काजळीचे थर चढतात. अक्रोडाच्या कवचाचा भुगा हवेच्या दाबाने मारून ते साफ करतात, धातूला ओरखडा पडत नाही. त्यानंतर कंपनीची मूळ फाईल परत टाका आणि पुन्हा लॉग घ्या. मूळ फाईलवर आकडे शांत असले तरच पुढे जायचं. नवी फाईल तुम्ही नेहमी भरणार त्याच पेट्रोलवर, एप्रिल-मेच्या उन्हात लॉग घेऊन लिहून घ्या. कसाऱ्याला चढताना ९५ भरलंत आणि परत येताना वाटेत साधं भरलंत, असं चालणार नाही. इंटरकूलरचा विचार तुमचा बरोबर आहे, ६८ अंश फार झाले. पण तो शेवटी.

आणखी एक. तुमचा गिअरबॉक्स ज्या टॉर्कसाठी बनलाय तो ३५०च्याच आसपास आहे. ताकद २५० पीएसपर्यंत नेणाऱ्या रीमॅपच्या फाईलमध्ये टॉर्क ४००च्या वर सहज जातो. मी असतो तर टॉर्कला खालच्या आरपीएमला लगाम घातला असता आणि ताकद वर, ५,०००च्या पुढे घेतली असती.

कोपरीची_मीनल | १७ मार्च, सकाळी ११:००

वाचतेय. माझ्या नवऱ्याला सगळा धागा मोठ्याने वाचून दाखवला.

सोयीबद्दल दोन गोष्टी. गाडी आठवडाभर उभी राहत असेल तर बॅटरीला सावकाश चार्ज करणारा चार्जर लावून ठेवा. आमच्या बेसमेंटला प्लग नव्हता, कमिटीकडे अर्ज करून स्वतंत्र मीटरवर घेतला. दुसरं, पावसाळ्यात टाकी निम्मी ठेवून गाडी उभी करू नका. पेट्रोलमधलं इथेनॉल ओल खेचतं. चार महिने गाडी फारशी चालणार नसेल तर टाकी काठोकाठ भरा.

आईंसाठी: सीट उंच करायला फोमची गादी टाकू नका, सीटबेल्ट चुकीच्या जागी येतो. टीटीचा दरवाजा लांब आहे, तो पूर्ण उघडेल अशा जागी गाडी उभी करूनच त्यांना बसवा. आधी पाठमोरं बसून मग दोन्ही पाय एकत्र आत. माझ्या सासूबाईंना फिरणारी चकती घेतली होती, सीटवर ठेवून बसायची आणि बसल्यावर काढून घ्यायची. ऑर्थोपेडिक सामानाच्या दुकानात मिळते.

माजिवड्याची_टीटी | २ ऑगस्ट, रात्री ९:५५

धागा वर काढतोय. इतक्या लोकांनी वेळ दिला, काय झालं ते सांगणं माझं कर्तव्य आहे.

एप्रिलमध्ये टायर, ब्रेक ऑइल, पॅड, गिअरबॉक्स आणि हॅल्डेक्सचं ऑइल. गिअरबॉक्समधून निघालेलं ऑइल काळं होतं आणि जळका वास मारत होतं. नुसत्या त्याने पहिल्या-दुसऱ्या गिअरमधला ट्रॅफिकमधला धक्का गेला. मेमध्ये मूळ उंचीच्या स्प्रिंगा, नवे शॉकअप आणि चारही चाकांचं अलाइनमेंट. काका, पैज जिंकलात, आधीच्या कागदावर मागच्या चाकांचे रकाने कोरे होते.

प्लगची फट ०.९५ निघाली. व्हॉल्व्हचे फोटो टाकलेत, आधीचे बघवत नाहीत. मूळ फाईलवर हिसके पूर्ण बंद. नवी फाईल मेच्या तिसऱ्या आठवड्यात, ९५ ऑक्टेनवर, लॅम्बडा दादांनी शेजारी बसून लॉग पाहत लिहायला लावली. आता सगळ्यात वाईट आकडा उणे २.३ आहे. टॉर्क ३८०वर थांबवलाय. इंटरकूलर दिवाळीनंतर, अँटी-रोल बारही. १९ इंची चाकांचे पैसे वाचले, त्यातून पुढचे-मागचे सेन्सर आणि कॅमेरा झाला. आमची पार्किंगची जागा २.५ मीटर रुंद, गाडी १.८४. दोन खांबांमधे लावताना आता घाम फुटत नाही.

परवा भर पावसात गायमुखवरून आलो. तेच वळण, तोच वेग. स्टिअरिंगमधून रस्ता हाताला लागत होता. कित्येक महिन्यांनी गाडी चालवून मन भरलं.

विमा कंपनीला पत्र दिलंय, पोच घेतलीय. सोसायटीला गतिरोधकाचं माप दिलंय, उत्तर नाही, मागे लागलोय.

नटबोल्ट_कळवा | ३ ऑगस्ट, सकाळी ७:०५

शाब्बास. १,००० किलोमीटरनंतर अलाइनमेंट एकदा परत तपासा, नव्या स्प्रिंगा बसायला वेळ घेतात.

खारघरची_सई | ३ ऑगस्ट, सकाळी ८:४०

फार छान वाटलं वाचून. पोटाखालची उंची माणसं बसवून मोजलीत का? आई शेजारी असतील तेव्हा गाडी थोडी खाली येणार.

माजिवड्याची_टीटी | ३ ऑगस्ट, रात्री १०:१२

हो ताई. काल आई चकतीवर बसून आत आली, मी चालवायला, धाकट्या भावाने बाहेरून टेप लावली. ११२ मिलिमीटर. म्हणजे १०.४ अंश. मग तसेच रॅम्प चढून वर आलो, खालून काही आवाज नाही.